नोंद नाही

केतकी आवटी दुकानात आली तेव्हा मी एका मुलाची उंची वाढवत होते. त्याचे वडील समोरच्या स्टुलावर बसून सांगत होते, "पाच पाच नको, पाच आठ टाका. मुलगी काय टेप घेऊन येणार आहे का?" मी पाच आठ टाकलं. सांगलीत विश्रामबागेला माझं टायपिंगचं दुकान होतं, अजूनही आहे. दिवसाला चार-पाच लग्नाचे बायोडाटे माझ्या हाताखालून जायचे. वर गणपती, खाली मामाचं गाव आणि मध्ये कुठंतरी ‘निर्व्यसनी’. तो शब्द मला टाइपसुद्धा करावा लागत नसे, कोऱ्या नमुन्यातच घालून ठेवला होता. कुणी काढायला सांगितला नाही.

वडील प्रिंट घेऊन गेल्यावर केतकीनं स्टूल माझ्या टेबलाशी ओढलं. इंग्रजी शाळेत शिकवायची, वय एकोणतीस, वडील नाहीत, आईला ब्लडप्रेशर. तिचाही बायोडाटा दोन वर्षांपूर्वी मीच केला होता.

"शलाकाताई, ग्रुपवर विचारायचं असतं ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "परवा फॉर्म भरलाय. पण उत्तर येईना म्हणून आले."

"किती जणींचे फॉर्म असतात गं. मुलगा कोण?"

कोण ते मला माहीत होतं, फॉर्म मी वाचला होता. तरी तिनं फोन पुढं केला. सुयोग नांद्रेकर, वय छत्तीस, ठिबकच्या पाइपांच्या कंपनीत एरिया मॅनेजर, स्वतःची गाडी. पांढरा शर्ट, हसरा चेहरा.

"ऍपवर ओळख झाली. चार महिने भेटतोय आम्ही. घरी पसंत आहे, आईला तर फारच. म्हणते, असा बोलका जावई मिळायला नशीब लागतं." ती जरा थांबली. "एका गोष्टीवरनं माझं मन मागं ओढतंय. बारीकच आहे. सांगितलं तर तुम्ही हसाल."

मी मुलखाची भोचक बाई. गिऱ्हाईक पत्ता सांगायला लागलं की त्यांच्या घराला रंग कोणता दिलाय तेसुद्धा मी विचारते. त्या दिवशी मात्र ‘कोणती गोष्ट’ असं मी विचारलं नाही.

"आठ दिवस दे," म्हटलं.

"सव्वीसला साखरपुडा आहे. त्याच्या आत सांगा तेवढं. तुम्ही काही आहे म्हणालात तर मी मोडणार. आईला काय सांगायचं ते माझं मी बघीन. काही नाही म्हणालात तर मनाला सांगीन, गप बस आता."

"आमच्यावर एवढं टाकू नकोस बाई."

"मग कुणावर टाकू? मामा म्हणतात मुलगा सोन्यासारखा आहे. मामांनी त्याला एकदाच बघितलाय, तोही कुणाच्या तरी बारशात, जेवताना."

ग्रुपचं नाव ‘चौकशी’. आमच्याकडं लग्नाआधी चौकशी करायची जुनी पद्धत. माझे चुलते, तात्या, या कामात पटाईत समजले जायचे. मुलाच्या गावी जायचं, शेजाऱ्याला विचारायचं, किराणावाल्याला विचारायचं, शाळेतल्या मास्तरांना विचारायचं. तात्यांनी जन्मात साठ-सत्तर चौकशा केल्या असतील, पण एकाही गावात कुणी मुलाबद्दल वाईट शब्द काढला नाही. दारुडा असला तर ‘मित्रांच्यात बसतो कधीमधी’, मारकुटा असला तर ‘जरा तापट आहे, पण मनाचा निर्मळ’. लग्न मोडल्याचं पाप कोण डोक्यावर घेणार? तात्यांनी स्वतःच्या मुलीच्या सासरची चौकशीसुद्धा स्वतःच केली होती. ती दीड वर्षात माहेरी परत आली, एका कानानं बहिरी होऊन.

तिच्या कानापायी मी हा ग्रुप काढला. फक्त बायकांचा. मुलाचा फोटो टाकायचा आणि विचारायचं, याला कुणी ओळखतं का. दोन वर्षांत अकराशे जणी झाल्या, कोल्हापूर-साताऱ्यापर्यंतच्या. पहिलं वर्ष झकास गेलं. दोन लग्नं उरकून तिसऱ्याच्या तयारीत असलेला एक इंजिनिअर आम्ही भर साखरपुड्यात उघडा पाडला, तेव्हा तर माझे पाय जमिनीवर नव्हते. बायका दुकानात येऊन हात हातात घेऊन म्हणायच्या, ताई, तुमच्यासारखीला कुणी फसवायची छाती नाही. मला ते ऐकायला फार आवडायचं.

मग इस्लामपूरच्या एका मास्तरचं नाव आलं. एका बाईनं लिहिलं की हा शाळेतल्या मुलींशी वाईट वागतो. दोन दिवसांत त्याचा फोटो जिल्हाभर फिरला, ठरलेलं लग्न मोडलं. महिन्यानं कळलं की लिहिणारी त्याच्याच वहिनीची बहीण, आणि भांडण होतं सामाईक विहिरीचं. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि ती आम्ही अकराशे जणींनी लावली. मास्तरची आई माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. शिव्याशाप काही दिले नाहीत. "आता तुम्हीच एखादी मुलगी बघा माझ्या पोराला," एवढंच म्हणाली आणि दुपारपर्यंत बसून राहिली. मी पाणी दिलं, ते तिनं प्यायलं नाही.

त्यानंतर फरझानानं ग्रुपवर फोटो टाकणं बंद केलं, विचारणारीनं फक्त आम्हाला फॉर्म भरून पाठवायचा असं ठरवलं आणि एक नियम घातला. फरझाना मुजावर मिरजेची, वकील. ग्रुप चालवणाऱ्या आम्ही दोघीच, ती आणि मी. ती म्हणाली, "एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन बायका पाहिजेत. दोघींचे जबाब आपण समोर बसून घ्यायचे. जुळले तर नाव जाहीर, नाहीतर नाही. एकीच्या शब्दावर कुणाचंही नाव घ्यायचं नाही, आणि जबाब देणारीचं नाव तुझ्या-माझ्या पलीकडं जाणार नाही." दोन जबाब नसतील तर विचारणारीला एकच ठरलेलं उत्तर जायचं: आमच्याकडे नोंद नाही. नियम चांगला होता. त्याला मी आजही नावं ठेवणार नाही.

सुयोग नांद्रेकरबद्दल आमच्याकडं एक जबाब होता. साताऱ्याच्या एका बाईचा, फरझानानं चार महिन्यांपूर्वी तिच्या घरी जाऊन घेतलेला. केतकी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फरझानाच्या ऑफिसात गेले. कोर्टाजवळ एका औषधाच्या दुकानावर तिची खोली आहे. तिनं फाइल काढली आणि मला वाचून दाखवायला लागली, जरी मी तो कागद आधी वाचलेला होता.

"गाडीत काही बिनसलं की हा रस्त्याच्या कडेला गाडी थांबवतो. तिचा फोन काढून घेतो, पर्स काढून घेतो, उतर म्हणतो. मग किलोमीटरभर पुढं जाऊन झाडाखाली थांबतो. ती उन्हातून चालत येते. आल्यावर सॉरी म्हणायचं, मग दार उघडणार. वर तिला उसाचा रस पाजणार. दीड वर्षात सात वेळा." फरझानानं कागद खाली ठेवला. "अंगाला हात लावलेला नाही. पोलिसांकडं गेली तर हसून परत पाठवतील. काय लिहिणार, नवऱ्यानं, तोही होणाऱ्या, चालायला लावलं?"

"हं," मी म्हटलं.

"तुला काय वाटतं, खरं असेल?"

"साताऱ्याच्या बाईला खोटं बोलून काय मिळणार आहे?"

"तेच. असलं कुणी रचून सांगत नाही. मारलं म्हणून सांगेल, चालवलं म्हणून कशाला सांगेल?" ती पेनानं टेबलावर टकटक करत बसली. "आणि असा माणूस एकीवर थांबत नाही शलाका. सांगलीचा आहे, म्हणजे सांगलीत एखादी असणारच. आत्ता कुठंतरी संसार करत, तोंड दाबून बसली असेल. ती मिळाली पाहिजे."

"कशी मिळणार? त्याचं नाव घेऊन विचारलं तर नाव फुटलंच की."

"एकेकीला फोन करून विचारते. त्या वयाच्या, त्या कॉलेजच्या." मग ती हळू आवाजात म्हणाली, "नाहीतर असं करू या का? केतकीला नुसतं तोंडी सांगू. एक जबाब आहे, पारखलेला नाही, पण आहे. जपून राहा म्हणावं."

मी तिच्याकडं बघितलं. माझा आवाज चांगला स्थिर होता, ते मला आठवतं.

"नियम तुझाच आहे फरझाना. इस्लामपूरच्या मास्तरची आई तुझ्या पायरीवर नव्हती बसली. आज केतकीसाठी मोडलास तर उद्या दुसरीसाठी मोडशील."

ती गप्प झाली. मास्तरचं नाव काढलं की ती गप्प होते हे मला ठाऊक होतं. चोवीस तारखेपर्यंत तिनं दहा-बारा जणींना फोन केले, कुणी मिळाली नाही. चोवीसच्या दुपारी मी केतकीला उत्तर पाठवलं. आमच्याकडे नोंद नाही. तिचं लगेच आलं, ‘थँक्यू ताई. सुटले एकदाची.’

नोंद नाही म्हणजे मुलगा धुतल्या तांदळासारखा असं आम्ही कुठंच म्हटलेलं नव्हतं. पण लोक तसंच धरून चालायचे आणि आम्हाला ते माहीत होतं. ग्रुप नसता तर केतकी स्वतःच्या मनाचं ऐकून कदाचित मागं फिरली असती. आम्ही तिच्या मनालाच गप्प केलं. तात्यांचे शेजारी निदान ‘जरा तापट’ तरी म्हणायचे.

लग्नपत्रिका तिनं माझ्याकडंच टाइप करायला दिली. मजकूर तपासायला आली तेव्हा रस्त्याच्या पलीकडं गाडी उभी होती, काचा वर केलेल्या.

"ते येत नाहीत का आत?" मी विचारलं.

"नको म्हणाले. उन्हातनं कशाला, म्हणाले." केतकी लाजत हसली. "तुमचं सांगितलं मी त्यांना. चौकशी केली होती म्हणून. म्हटलं, रागावतील. तर उलट हसले."

"माझं नाव सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हणाले, शलाकाताईंनी नोंद नाही म्हटलंय म्हणजे नसणारच."

गाडीचा हॉर्न वाजला, एकदाच, अगदी हळू. ती प्रूफ घेऊन पळाली. मी मेमध्ये लग्नाला गेले नाही, दुकानात गर्दी आहे असं कळवलं.

पुढच्या एप्रिलमध्ये पेपरात बातमी आली, आतल्या पानावर, चार ओळींची. आंबा घाटात भर दुपारी आंब्याच्या पेट्या घेऊन जाणाऱ्या पिकअपची धडक बसून सांगलीची विवाहिता गंभीर जखमी. उलटी होत असल्यानं त्या गाडीतून उतरल्या होत्या, असं पतीनं सांगितलं. डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला हे बातमीत नव्हतं, ते मला फरझानानं सांगितलं. दोन दिवसांनी तिचा परत फोन आला.

"पंचनाम्याचा कागद मिळवलाय मी," ती म्हणाली. "गाडी कुठं उभी होती माहीत आहे? तिच्यापासून नऊशे मीटर पुढं. उलटी होणाऱ्या बायकोला सोडून नऊशे मीटर पुढं कोण जातं गं?"

मी समोरचे कागद जुळवून ठेवले.

"एक बाई," फरझाना म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "सांगलीतली एक बाई पुढं आली असती तर पाय वाचला असता पोरीचा. तिलाही आज पेपर वाचून कळलं असेल. जेवण कसं जात असेल तिला?"

त्या दिवशी मी दोन वेळा जेवले. दुसरी साक्षीदार मीच होते.

सव्विसाव्या वर्षी, लग्नाच्या आधी, मी सुयोग नांद्रेकरबरोबर सव्वा वर्ष फिरत होते. कॉम्प्युटर क्लासात ओळख झाली होती. घरी कुणाला पत्ता नव्हता, माझ्या नवऱ्याला, दिगंबरना, अजूनही नाही. तासगावच्या रस्त्यावर त्यानं मला चार वेळा उतरवलं. एकदा का, तर त्याच्या मित्राच्या विनोदावर मी हसले नाही. एकदा का, तर दुसऱ्या मित्राच्या विनोदावर हसले. द्राक्षांच्या बागांच्या कडेनं मी चालत जायचे, लोक मोटरसायकलवरून वळून बघायचे, आणि लांब झाडाखाली गाडी दिसायची. जवळ गेले की तो काच खाली करायचा आणि शांतपणे म्हणायचा, "चाललं की डोकं ताळ्यावर येतं." मी सॉरी म्हणायचे आणि आत बसायचे. चारही वेळा. पाचव्यांदा मी पाठ फिरवून निघून गेले असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यालाच दुसरी कुणी मिळाली आणि त्यानं माझे फोन घ्यायचं बंद केलं. महिनाभर मी रडले, तो परत यावा म्हणून.

नवऱ्याच्या भीतीनं गप्प बसले असं म्हटलं तर लोक समजून घेतील. पण ते खोटं आहे. जबाब देणारीचं नाव आमच्या दोघींच्या पलीकडं जाणारच नव्हतं. म्हणजे माझं गुपित कळणार होतं ते जगात फक्त एका बाईला, फरझानाला. आणि फरझाना मला हुशार समजायची. बायकांना शहाणं करणारी शलाका उन्हात गाडीमागं चालत जाऊन सॉरी म्हणाली होती, हे तिला कळलं असतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. झाकली मूठ राखायची म्हणून मी त्या ऑफिसात हातभर अंतरावर बसले आणि तिला तिचाच नियम शिकवला. केतकीला नुसतं तोंडी सांगू म्हणाली तेव्हाही मी अडवलं, कारण एकदा विषय उघडला की फरझाना खणत खणत माझ्यापर्यंत आली असती. मला माझी शरम वाटते. तेव्हा वाटली नाही, तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं.

ऑगस्टमध्ये केतकीनं ग्रुपला लिहिलं. सुयोग नांद्रेकरबद्दल जबाब द्यायचा आहे. फरझाना कोर्टात एका उलटतपासणीत अडकली होती. ती म्हणाली, तू जा, टाइप करूनच आण, माझं अक्षर कुणाला लागत नाही. मी लॅपटॉप घेऊन केतकीच्या आईच्या घरी गेले.

केतकी खुर्चीत बसली होती, मांडीवर चादर. नकली पाय भिंतीला टेकवून ठेवला होता, तो अजून तिला टोचत होता. तिच्या आईनं चहा ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तुमची काय चूक ताई. तुम्ही तरी कुठं आत शिरून बघणार." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिचं नाक ओढणं ऐकू येत राहिलं.

"ती बारीक गोष्ट होती ना," केतकी म्हणाली, "तुम्हाला सांगितली नव्हती ती. लग्नाआधी एकदा पार्किंगमध्ये त्यांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि पुढं चालत सुटले. मी मागनं पळतेय आणि ते वळूनसुद्धा बघत नाहीत. गाडीशी गेल्यावर म्हणाले, गंमत केली. एवढंच. सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात ना?"

"नसते हसले."

"लिहून घ्या."

मी लॅपटॉप उघडला. ती सांगत गेली आणि मी टाइप करत गेले. लग्नानंतर पहिल्यांदा महिन्याभरात. मग कोल्हापूरच्या रस्त्यावर. मग घाटात. तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं, वर्गात धडा सांगावा तशी सांगत होती. वीस वर्षं टायपिंग केलेल्या माणसाचा हात बोलणाऱ्याच्या तोंडापेक्षा चार अक्षरं पुढंच असतो. गिऱ्हाइकानं ‘मुलाचे शिक्षण’ म्हटलं की मी पुढचं त्याच्या आधी लिहिते.

"जवळ गेलं की काच खाली करायचे," केतकी म्हणाली, "आणि शांतपणे म्हणायचे..."

तिला ठसका लागला. तिनं तांब्या उचलला, पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवायला वाकली आणि तिची नजर माझ्या स्क्रीनवर गेली. ती तशीच वाकलेली राहिली.

"हे मी अजून बोलले नाही," ती म्हणाली.

स्क्रीनवर वाक्य पुरं झालेलं होतं. चाललं की डोकं ताळ्यावर येतं.

माझ्या तोंडून उत्तर गेलं, ते मी विचार करून दिलेलं नाही. आता वाटतं, ती एकच संधी होती. "साताऱ्याच्या एका बाईनं सांगितलंय," मी म्हटलं. "तिच्या जबाबात आहे."

"कोण साताऱ्याची?"

"तुझ्या आधीची."

"म्हणजे मी दुकानात आले तेव्हा तुमच्याकडं होती ती?"

"एकटीच होती केतकी. दोन लागतात."

"हां. नियम आहे तुमचा." तिनं चादर नीट केली. "आणि दुसरी मिळाली असती तर सांगितलं असतंत मला?"

"सांगितलं असतं."

"शोधली होती?"

"फरझानानं बारा जणींना फोन केले."

"आणि तुम्ही?"

"मीही केले."

ती बराच वेळ माझ्याकडं बघत होती. संशयानं नाही, थकून. "मग माझंच नशीब," म्हणाली. "घ्या पुढं लिहून."

दोन जबाब जुळले. पुढच्या सोमवारी फरझानानं ग्रुपवर सुयोग नांद्रेकरचं नाव टाकलं, खाली दोन्ही जबाब, बायकांची नावं काढून. आमची तशीच पद्धत होती, वाचणारीला स्वतः पारखता यावं म्हणून. दिवसभर फोन वाजत होता. बायका लिहीत होत्या, धन्य तुमची, शलाकाताई आणि फरझानाताई, किती जबाबदारीनं काम करता. फरझानानं घटस्फोटाचे कागद तयार करायला घेतले होते आणि केतकीकडून फी घेणार नाही म्हणाली होती.

मी दुकानात एका मुलीचा बायोडाटा करत होते तेव्हा केतकीचा मेसेज आला.

‘ताई, साताऱ्याच्या बाईच्या जबाबात ते वाक्य नाही. मी तीनदा वाचला.’

नव्हतंच. साताऱ्याच्या बाईला त्यानं ते म्हटलं नसेल, किंवा ती सांगायला विसरली असेल. त्या दिवशी केतकीच्या घरात ते वाक्य आम्हा दोघींनाच माहीत होतं. मी ‘केतकी, मी’ एवढं टाइप केलं आणि पुसलं. परत टाइप केलं, परत पुसलं. मी काहीतरी लिहितेय आणि लिहीत नाहीये, हे तिला तिकडं दिसत असणार. समोरची मुलगी विचारत होती की रंगाच्या जागी गोरा लिहायचा की निमगोरा. मी म्हटलं, तुला वाटेल ते.

दहा मिनिटांनी केतकीचा दुसरा मेसेज आला.

‘घाबरू नका. मी कुणाला सांगणार नाही. तुमच्याबद्दल सांगणारी मी एकटीच आहे, आणि एकीच्या शब्दावर आपण कुणाचं नाव घेत नाही.’

त्याच वेळी फरझानाचा फोन वाजायला लागला. मी आधी तो मेसेज पुसला आणि मग फोन उचलला.